सरांना सोडून दुसऱ्या विभागात जाणं हा कृतघ्नपणा आहे का?

चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत काम करणारी चौतिशीतली इंजिनिअर माझ्याकडे आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). कॉलेजातून थेट रुजू झाली तेव्हापासून एकाच सरांच्या हाताखाली. त्यांनी तिला ग्राहकाच्या ऑडिटला पुढे उभं केलं, तिच्या चुका वरिष्ठांसमोर स्वतःच्या अंगावर घेतल्या. आता तिला डिझाईन विभागात जायचं होतं आणि सर तुटक वागत होते. ‘‘त्यांनी बोट धरून शिकवलं, आणि मीच पाठ फिरवतेय,’’ म्हणताना तिला रडू फुटलं.

हाताखालच्या अनेकांना ही टोचणी लागलेली मी पाहते. वरिष्ठाला एकदा गुरुस्थानी बसवलं की बदली मागणंही गुरुद्रोह वाटू लागतं. मला हे ओझं दोघांवरही अन्याय करणारं वाटतं.

अमेरिकी अभ्यासक कॅथी क्रॅम यांनी १९८३ मध्ये अशा नात्यांचे चार टप्पे मांडले: जुळणं, बहरणं, दुरावणं आणि नव्या रूपात पुन्हा जुळणं. बहर साधारण २ ते ५ वर्षं टिकतो. पुढचा दुरावा सहा महिने ते दोन वर्षं चालू शकतो, आणि त्यात राग, पोकळी, हुरहुर दोन्ही बाजूंना असते. हे ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘म्हणजे सरांनाही त्रास होत असेल?’’

मी विचारलं, गेल्या वर्षभरात अडचणीत कुणाकुणाला फोन केलास? उत्तरात एकच नाव आलं. मला खरी काळजी त्याची वाटली. पगार, तांत्रिक प्रश्न, घर आणि नोकरीची ओढाताण, या सगळ्यांना एकच माणूस कसा पुरेल?

अर्ज देण्याआधी सरांना स्वतः भेटायचं, परवानगी न मागता त्यांचं मत विचारायचं, असं ठरलं. सर म्हणाले, ‘‘मला हे कँटीनमध्ये दुसऱ्याकडून कळलं, त्याचं वाईट वाटलं.’’ त्यांनी तिची शिफारस केली. बोलणं मात्र पुढे कित्येक महिने कामापुरतंच राहिलं. तिने ते सोसलं, आणि नव्या विभागात एका समवयस्क सहकाऱ्याशी व एका वरिष्ठ बाईंशी जाणीवपूर्वक ओळख वाढवली.

पण वरिष्ठ बदली अडवत असतील, अप्रायझलची भीती घालत असतील, तर त्याला दुरावा समजून सोसत बसू नका. तारखांसकट नोंदी ठेवा आणि एचआरकडे लेखी जा.