रॉयल पामची रोपे बियांपासून : ताजे बी घ्या, बाटली घेऊ नका

गोराई, मनोरी आणि आरेतील पाड्यांवरून रॉयल पामविषयी आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. आधी नावाचा घोळ मिटवू. मुंबईच्या रोपवाटिकांत ज्याला सर्रास 'बॉटल पाम' म्हणतात, तो बहुतेक वेळा रॉयल पामच असतो. खरा बॉटल पाम मॉरिशसकडचा असून तो माणसाच्या दीड-दोन पट उंचीवर थांबतो, तर क्यूबाचा राष्ट्रीय वृक्ष असलेला रॉयल पाम वीस मीटरच्या वर जातो. बी घेताना मातृवृक्ष स्वतः पाहिला, तर ही फसगत टळते.

प्रश्न : पाचशे बिया विकत आणून मार्चमध्ये वाफ्यात टाकल्या. तीन महिने झाले तरी एकही कोंब नाही. विक्रेता म्हणतो की, संजीवकाची (वाढीला चालना देणाऱ्या द्रव्याची) बाटली घ्या, आठ दिवसांत उगवेल. घ्यावी का?

घेऊ नये. त्याआधी वाफ्यातील दहा बिया उकरून ब्लेडने मधोमध चिराव्यात. आतील गर पांढरा, घट्ट आणि ओलसर असेल, तर बी जिवंत असण्याची शक्यता आहे आणि आणखी महिनाभर वाट पाहण्यास हरकत नाही, कारण या पामाची उगवण दोन-तीन महिने चालते आणि कधीच एकसारखी होत नाही. गर तपकिरी पडला असेल, सुकून कवचापासून सुटला असेल किंवा त्याला कुबट वास येत असेल, तर ते बी मेलेले आहे, आणि मेलेले बी कोणत्याही बाटलीने उगवत नाही. पाकिटातील खडखडीत वाळलेले बी हीच बहुतेक वेळा खरी अडचण असते. भात किंवा वाल यांचे बी आपण वाळवून ठेवतो, तसे पामाचे ठेवता येत नाही. ते वाळले की संपले. दुकानाच्या काचेमागे वर्षभर पडलेले बी विकणाऱ्याला हे ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून तो सांगत नाही.

जिबरेलिक ॲसिड या संजीवकाविषयी स्पष्टच सांगतो. त्यात भिजवलेले पामाचे बी कधी कधी लवकर उगवते, परंतु रोप लांबट, पांढुरके आणि मानेतून लुळे निघते. अशा रोपांच्या रांगेला बांबूच्या काड्यांचे आधार बांधलेले मी एका रोपवाटिकेत पाहिले आहेत, आणि पहिल्या जोरदार सरीत त्यांतील बहुतेक आडवी झाली. काही जण कवच मऊ करण्यासाठी तीव्र गंधकाम्लात बी बुडवायला सांगतात. या बियांना त्याची मुळीच गरज नाही. बीही जाते आणि हातही भाजतात.

मी सुचवतो ती पद्धत बिनखर्चाची आहे. ओळखीच्या झाडाखालून पूर्ण पिकलेली, जांभळट-काळी झालेली फळे गोळा करावीत. हिरवी किंवा नुसती लाल फळे घेऊ नयेत. फळ जेमतेम एक सेंटिमीटरचे असते. दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, रोज पाणी बदलून, गर चोळून पूर्ण काढावा, कारण राहिलेल्या गरावरच बुरशी धरते. हे काम हातमोजे घालून करावे. पाम कुळातील अनेक फळांच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात आणि भेर्ली माडाची फळे उघड्या हातांनी चोळणाऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्यानंतर नारळाचा भुसा भिजवून मुठीत घट्ट पिळावा, पाण्याचा थेंब पडेनासा झाला की त्यात बी मिसळून पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवावे. पिशवी घरातील उबदार जागी असावी, उन्हात नसावी. तीस ते पस्तीस अंश तापमान या बियांना सर्वांत मानवते आणि ते मुंबईत वर्षातील बरेच महिने फुकट मिळते. आठवड्यातून एकदा पिशवी उघडून कोंब आलेले बी तेवढे काढावे आणि रेती, पोयटा व पूर्ण कुजलेले शेणखत भरलेल्या पिशवीत जेमतेम झाकेल इतकेच वर लावावे. रॉयल पामाचा कोंब बियाला लागूनच निघतो, ताडाप्रमाणे जमिनीत खोल उतरत नाही, म्हणून खोल पेरण्यात काहीच लाभ नाही. पाचशे बियांना भुशाची ती एक पिशवी पुरते. वाफ्यात बी टाकून तीन महिने पाणी घालत बसण्यापेक्षा हे कधीही बरे.

प्रश्न : रोपे दीड वर्षाची आहेत. दुकानदाराच्या सांगण्यावरून दर पंधरा दिवसांनी युरिया दिला. आता जुनी पाने पिवळी-नारिंगी पडत आहेत. दुकानदार म्हणतो, युरिया वाढवा आणि पिवळी पाने कापा.

दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. युरिया ताबडतोब बंद करावा. जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके येऊन टोके करपत असतील, तर ती पालाशची (पोटॅशची) कमतरता आहे; जुन्या पानांच्या कडा रुंद पिवळ्या आणि मध्यभाग हिरवा असेल, तर मॅग्नेशियमची. युरियातून नत्र (नायट्रोजन) जितके जास्त ओताल, तितकी पालाशची ओढ वाढते. पामासाठी खताचे प्रमाण नत्र 8, स्फुरद (फॉस्फरस) 2, पालाश 12 आणि मॅग्नेशियम 4 असे ठेवावे, म्हणजे पालाश नत्राच्या दीडपट पडते. खत थोडे-थोडे आणि बुंध्यापासून दूर टाकावे. कोंब आल्यावर पहिले दोन महिने तर कोणतेच खत देऊ नये. रोप तेव्हा बियातील साठ्यावर जगत असते आणि खताने फक्त मुळे भाजतात.

पिवळे पान कापू नये. झाड त्या पानातील पालाश ओढून नव्या पानाला पुरवत असते. ते पान कापले की त्याच्या वरचे पान पिवळे पडते. रॉयल पाम वाळलेले पान स्वतःच टाकतो. पुन्हा सांगतो, युरिया नाही आणि कोयताही नाही. गोराई-मनोरीकडील विहिरींचे पाणी मे महिन्यात मचूळ होते, तेव्हा लहान रोपांना शक्यतो गोडे पाणी द्यावे.

प्रश्न : जुलैमध्ये मधले पान ओढले की हातात येते आणि बुडाशी घाण वास येतो.

ही कोंबकूज आहे. पामाला वाढीचा एकच कोंब असतो आणि तो कुजला की झाड गेले, त्यामुळे औषध लागण झाल्यावर नव्हे, पाऊस सुरू होण्याआधी द्यायचे असते. एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो आणि पाणी 100 लिटर, मेअखेरीस कोंबात आणि पानांच्या बेचक्यांत फवारावे. मोरचूद वाढवून 'जोरदार' मिश्रण करू नये. त्याने कोवळे पान जळते. लागण झालेली रोपे उपटून जाळावीत. रोपे पावसाळ्यात छपराखाली किंवा निचऱ्याच्या उंचवट्यावर असावीत. शेजारी कच्च्या शेणाचा ढीग नसावा, कारण गेंड्या भुंग्याच्या अळ्या त्यातच वाढतात आणि भुंगा थेट कोंबावर उतरतो.

प्रश्न : रॉयल पामच्या लागवडीला अनुदान मिळते का?

हे शोभेचे झाड आहे, त्यामुळे फळबाग लागवड योजनेत ते बसत नाही. नारळ बसतो, भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असे मिळते. सातबारा व आठ-अ घेऊन महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर अर्ज करावा. बांधावर झाडेच लावायची असतील, तर माझा कल नारळाकडे आहे. रॉयल पामची रोपे विकण्यासाठी जरूर करावीत, परंतु गिऱ्हाइकाला एवढे सांगावे की, या झाडाची तीन-चार मीटर लांबीची जड झावळी कोणतीही पूर्वसूचना न देता खाली येते, म्हणून ते पदपथालगत, गाड्या उभ्या करण्याच्या जागी किंवा विजेच्या तारांखाली लावू नये. महापालिकेच्या हद्दीत वाढलेले झाड नंतर परवानगीशिवाय तोडताही येत नाही.