मॉडबसवर वाचता येतं, लिहिता येत नाही. केबल बदलू का?

नका बदलू. केबलला हातसुद्धा लावू नका.

तुम्ही लिहिलंय की मॉडबसवरून (यंत्रं तारेवर एकमेकांशी बोलतात ती भाषा) पीएलसीला, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, टेंपरेचर कंट्रोलरचं तापमान नीट दिसतं, पण सेट पॉइंट, म्हणजे हवं ते तापमान, लिहायला गेलं की कधी एरर २ येतो, कधी एरर येत नाही तरी व्हॅल्यू जुनीच राहते, आणि साहेब म्हणतात वायरिंग खराब आहे, केबल बदला. साहेबांचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

अहो, एरर २ केबल पाठवत नाही, कंट्रोलर पाठवतो. म्हणजे तुमचा निरोप त्याच्याकडं अख्खा पोचला, सीआरसी (निरोप वाटेत बिघडला का ते तपासायचा आकडा) जुळला, त्यानं वाचला, आणि 'असलं रजिस्टर (आकडा ठेवायचा नंबरवारी खण) माझ्याकडं नाही' असं उलट सांगितलं. तेही तुमच्यापर्यंत धड आलं. केबल खराब असती तर टाइमआउट आला असता, कारण सीआरसी चुकलेला निरोप स्लेव्ह, म्हणजे इथं कंट्रोलर, गप गिळतो, उत्तर देतच नाही. दारात येऊन कुणी 'नाही देत, जा' म्हणालं, तर रस्ता खराब आहे असं म्हणतो का आपण?

मी कुपवाड एमआयडीसीत पॅनेल वायरिंग करतो. आयटीआय झालंय, डिग्री नाही, आणि ही गोष्ट मला साइटवर दर वेळी आठवण करून दिली जाते. काही वर्षांपूर्वी तासगावकडच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं काम घेतलं होतं. आठ चेंबर, आठ कंट्रोलर, एक पीएलसी, एक टचस्क्रीन. वायरिंग माझं, प्रोग्रॅम पुण्याच्या एका इंजिनीअर साहेबांचा. मार्च महिना, माल यायला सुरुवात झालेली, शेठ रोज दोनदा विचारणार, "मिस्त्री, कधी चालू हुतंय?"

पहिल्या दिवशी तुमचाच एरर २. मॅन्युअलमध्ये सेट पॉइंटचा नंबर ४०१०१ आणि साहेबांनी प्रोग्रॅममध्ये पत्ता टाकलेला १०१. कागदावरचं ४०००१ तारेवर शून्य असतं, मग ४०१०१ म्हणजे १००. १९७९ मध्ये मोडिकॉननं मॉडबस काढलं, तेव्हापासून लोक या एका आकड्यात अडकतायत, त्यामुळं यात साहेबांना मी नावं ठेवत नाही. अर्ध्या तासात सुटलं. तुमचंही बहुतेक इथंच अडलंय. तापमान वाचता येतंय म्हणून सेट पॉइंटचा नंबर बरोबर आहे असं होत नाही, ती दोन वेगळी रजिस्टरं आहेत. अंदाजानं लिहीत तर अजिबात बसू नका, भलत्याच पॅरामीटरवर जाऊन पडेल. कंट्रोलरच्या बटणांनी सेट पॉइंट काहीतरी विचित्र ठेवा, समजा ३७.५, आणि पीएलसीतून आजूबाजूची रजिस्टरं वाचत जा. जिथं ३७५ सापडेल ते तुमचं रजिस्टर. पत्ताही कळला आणि दशांश चिन्ह कुठं आहे तेही कळलं.

दशांशानं आम्हाला दुसऱ्या दिवशी गाठलं. शेठनी टचस्क्रीनवर ४ टाकलं, प्रोग्रॅमनं ४ च लिहिलं, कंट्रोलरनं घेतलं ०.४. रात्रभर कॉम्प्रेसर थांबलेच नाहीत. बेदाण्याला काही झालं नाही, शेठना मात्र वीजबिल डोळ्यांपुढं दिसायला लागलं. तेही साहेबांनी फोनवरून सांगून सुधारलं, चारला चाळीस.

अकराव्या दिवशी संध्याकाळी लाईट गेली आणि आली, तर तीन नंबरचा कंट्रोलर मेमरी एरर दाखवायला लागला. सेट पॉइंट धरेना. दुसऱ्या दिवशी सहा नंबर. साहेबांना फोन केला, तर त्यांनी पाच सेकंदांत निदान केलं. "वायरिंगमध्ये नॉइज आहे. शिल्डेड केबल टाका." म्हटलं, साहेब, शिल्डेडच आहे. "मग चांगल्या कंपनीची टाका." शेठ माझ्याकडं बघून म्हणाले, "साहेब म्हणत्यात तर टाका की."

टाकली. १६० मीटर. दोन रात्री. बाहेर मार्चचा उकाडा आणि आत चार डिग्री, मी आणि माझा पोरगा माकडटोप्या घालून शिडीवर. बोटं इतकी गार पडायची की फेरूल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) तारेवर जायच्या ऐवजी खाली बॉक्सांच्या थप्पीत जायचा. केबलचे पैसे माझ्या बिलातून कापले, कारण दोष 'वायरिंगचा'. नवीन केबल टाकली, दोन कंट्रोलर नवीन बसवले, आणि चौथ्या दिवशी एक नंबरचा कंट्रोलर गेला.

मग मी डोकं चालवलं, जे आधीच चालवायला हवं होतं. भाच्याचा लॅपटॉप आणला, यूएसबीचा ४८५ कन्व्हर्टर (मॉडबसच्या तारा लॅपटॉपला जोडणारा) लाईनला नुसता समांतर लावला आणि काही न पाठवता ऐकत बसलो. आकडे पळायला लागले. त्यात एक ओळ सारखी दिसायची: ०३ ०६ ०० ६४ ०० २८, पुढं सीआरसीचे दोन. तीन नंबरचा स्लेव्ह, फंक्शन ०६ म्हणजे एका रजिस्टरात लिही, पत्ता हेक्समध्ये (सोळा-सोळानं मोजायची पद्धत) ६४ म्हणजे आपला १००, व्हॅल्यू हेक्समध्ये २८ म्हणजे ४०. घड्याळ लावून मोजलं. दर दोन सेकंदांनी. आठही कंट्रोलरना तेच, रात्रंदिवस, शेठनी टचस्क्रीनला बोट लावलेलं असो वा नसो.

आता हिशेब करा. सेट पॉइंट कंट्रोलरच्या ईईप्रॉममध्ये साठतो, म्हणून तर लाईट गेली तरी लक्षात राहतो. असल्या मेमरीची हमी साधारण एक लाख वेळा लिहिण्याची असते. दोन सेकंदांना एकदा म्हणजे दिवसाला ४३,२०० वेळा. लाख भरायला अडीच दिवसही लागत नाहीत. तीन नंबरच्या बिचाऱ्यानं अकरा दिवसांत पावणेपाच लाख वेळा लिहून घेतलं आणि मग मान टाकली. नॉइज!

साहेबांना फोन केला. म्हणाले, "लिहू दे ना, तीच व्हॅल्यू तर लिहितोय, त्यानं काय होतंय? तुम्ही वायरिंगचं बघा, प्रोग्रॅमचं मी बघतो." हे वाक्य मी विसरलेलो नाही. दोन दिवसांनी गुपचूप नवीन प्रोग्रॅम आला. त्यात व्हॅल्यू बदलली तरच लिहायचं, आणि लिहिल्यावर वाचून खात्री करायची. त्यानंतर एकही कंट्रोलर गेला नाही. शेठना सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, "मग आधीच का नाही सांगितलंसा?" केबलचे पैसे काही परत मिळाले नाहीत.

तर तुमचा दुसरा प्रश्न, एरर नाही पण व्हॅल्यू जुनीच. फंक्शन ०६ ला यशस्वी उत्तर म्हणजे तुमचाच निरोप जसाच्या तसा परत येणं. त्यावर फुशारून जाऊ नका. निरोप मिळाला एवढीच ती पोच, माल जागेवर बसला याची नाही. लिहिल्या लिहिल्या तेच रजिस्टर वाचा. क्षणभर नवीन आकडा दिसून परत जुना आला, तर तुमच्याच प्रोग्रॅमचा दुसरा एखादा तुकडा किंवा टचस्क्रीन त्यावर जुनी व्हॅल्यू लिहितंय. असं निम्म्या वेळा निघतं. बदलतच नसेल तर कंट्रोलरच्या मेनूत जा, कम्युनिकेशनवरून लिहायची परवानगी वेगळी द्यावी लागते का बघा. ओम्रॉनच्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये ती मुळात ऑफ असते. व्हीएफडीचं (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) अजून निराळं: डेल्टाच्या अनेक ड्राइव्हना २००१ हेक्सवर ५००० लिहिलं म्हणजे ५० हर्ट्झ, पण फ्रिक्वेन्सी कुठून घ्यायची ते पॅरामीटर की-पॅडवर असेल तर ड्राइव्ह तुमचं सगळं ऐकून घेईल आणि स्वतःच्या मनाचं करेल.

एरर १ येत असेल तर ०६ सोडून फंक्शन १६ (एकदम अनेक रजिस्टरांत लिही) वापरून बघा, काही उपकरणं तेवढंच मानतात. एरर ३ आला तर व्हॅल्यू हद्दीबाहेर आहे. फ्लोट (दोन रजिस्टरांत मिळून ठेवलेला दशांशाचा आकडा) असेल तर दोन रजिस्टरं १६ नं एकदमच लिहायची, आणि आकडा अगम्य दिसला तर दोन्हींची अदलाबदल करून बघायची.

केबलचा दोष कधीच नसतो असं माझं म्हणणं नाही, नाहीतर उद्या कुणीतरी मलाच धरेल. मोटर किंवा ड्राइव्ह सुरू होताना तेवढ्यापुरते टाइमआउट येत असतील, शेवटचेच एकदोन स्लेव्ह हरवत असतील, तर जरूर बघा, केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर आहेत का तेही बघा. आणि आता सांगायला हरकत नाही, त्या कोल्ड स्टोरेजमध्ये लांबच्या टोकाचा १२० ओहम मीच लावायला विसरलो होतो. केबल बदलताना ते दिसलं आणि गुपचूप लावून टाकला. पण कंट्रोलर त्यानं मेले नव्हते.

साहेबांनी ऐकलंच नाही आणि केबल बदलावीच लागली, तर नवीन विकत घेऊ नका. ती काढलेली १६० मीटर माझ्या शेडमध्ये अजून गुंडाळून पडलीय. एकदम चांगली आहे.