पनामाला जाऊ की बँकॉकला? परदेशातल्या स्टेम सेल क्लिनिकबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी पत्रांची आणि मेलची गंमतच झाली, निम्म्याहून जास्त एकाच विषयावर, स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या दुसऱ्या पेशी बनतात त्या मूळ पेशी. म्हणून मधुमेह, थायरॉईड सगळं पुढच्या अंकावर ढकललंय, राग मानू नका.

प्रश्न : माझा नातू साडेपाच वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. मुलगा-सून न्यू जर्सीला असतात. सुनेच्या पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी पनामातल्या क्लिनिकचं टाकलं, तिथे म्हणे नाळेतल्या स्टेम सेल सलाईनमधून देतात, चार दिवसांचं काम. खर्च मोठा आहे, आमचा इथला प्लॉट विकला तर जमेल असं मुलगा म्हणतो. मी अडाणी नाही, तीस वर्षं शाळेत शिकवलंय, पण काय बोलावं कळत नाही. नको म्हटलं तर आजीच नातवाच्या आड आली असं होईल. (सातारा)

बाई (शिक्षिका होतात म्हणून बाईच म्हणते), आधी प्लॉटचं बोलू. तो विकू नका. निदान हे उत्तर मुलाला वाचून दाखवेपर्यंत तरी नको.

नाळेतल्या रक्ताचा ऑटिझमवर उपयोग होतो का हे अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने नीट तपासलंय, म्हणजे हा प्रश्न कुणी विचारलाच नाही असं नाही. दोन ते सात वर्षांची १८० मुलं घेतली, काहींना खरं नाळेचं रक्त आणि काहींना नुसतं दिसायला तसंच काहीतरी, आणि कुणाला काय दिलंय हे आईबापांनाही माहीत नाही आणि मुलांना तपासणाऱ्यांनाही नाही. निकाल २०२० मध्ये आला. सहा महिन्यांनी लोकांत मिसळण्याचं कौशल्य मोजलं तर दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. आता तुम्ही तर मुलांमध्येच आयुष्य काढलंय, पाच वर्षांचं पोर सहा महिन्यांत काही ना काही पुढे जातंच हे मी तुम्हाला काय सांगायचं! दोन नवे शब्द बोलतं, बूट स्वतः घालायला लागतं. त्याच सहा महिन्यांत पनामाची ट्रिप झाली असेल तर श्रेय कुणाला जाणार? आई ग्रुपवर मनापासून लिहिते, खोटं बोलत नाही ती, पण तिच्याकडे तुलनेला दुसरं मूल नाही ना.

आणि सलाईनमधून दिलेल्या पेशी जातात कुठे हे कुणी सांगतच नाही. हाताच्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून थेट फुप्फुसात. फुप्फुसातल्या केशवाहिन्या इतक्या बारीक असतात की या पेशी, ज्या आकाराने मोठ्या असतात, त्यातल्या बहुतेक तिथेच अडकतात आणि काही दिवसांत संपतात. मेंदूपर्यंत जाऊन तिथे नवे तंतू जोडतात हे ब्रोशरमधलं चित्र आहे, त्यात बाण काढलेला असतो म्हणून पटतं.

आपल्याकडे काय नियम आहे तेही सांगते, कारण मुलगा म्हणेल की इंडियातले डॉक्टर मागासलेले. आयसीएमआरची, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या आपल्या सरकारी संस्थेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठी जे बोन मॅरो ट्रान्सप्लांट वगैरे होतं ते मान्य, बाकी कुठल्याही आजारावर स्टेम सेल म्हणजे संशोधन, ते ट्रायल, म्हणजे नोंदवून केलेला प्रयोग, म्हणूनच करायचं आणि पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. ऑटिझमबद्दल तर डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये वेगळं सांगितलं की हा उपचार म्हणून सुचवता येणार नाही, त्याचा प्रचार करणं म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन. (तरी आपल्याकडे बोर्ड लागलेले दिसतात, तो राग वेगळा.) नियम आवळले की हे काम शेजारच्या देशात सरकतं. कोस्टारिकाच्या आरोग्य खात्याने २०१० मध्ये एका मोठ्या क्लिनिकला स्टेम सेल देणं बंद करायला लावलं, चीनने २०१२ मध्ये मंजुरी नसलेले उपचार थांबवायचा आदेश काढला. आणि श्रीमंत देश म्हणजे सुरक्षित असंही नाही हो, जर्मनीत कायद्याच्या फटीत असंच एक क्लिनिक चालायचं, तिथे मेंदूत इंजेक्शन दिल्यावर २०१० मध्ये एक तान्हं मूल गेलं, मग २०११ मध्ये ते बंद झालं.

आता माझ्या ओपीडीतलं एक सांगते. नगर जिल्ह्यातले एक शेतकरी, मोटर न्यूरॉनचा, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या नसांचा आजार, हात हळूहळू जात चाललेले. मुलाने कर्ज काढून परदेशात नेलं. परत आल्यावर फाईल घेऊन माझ्याकडे आले, फाईल म्हणजे जाड चकचकीत पुठ्ठा, वर क्लिनिकचा फोटो, समोर कारंजं. आत डिस्चार्जचा कागद दीड पानाचा. स्टेम सेल दिल्या, पेशंटला त्रास झाला नाही, बस. कुणाच्या पेशी, किती, कुठल्या लॅबमध्ये वाढवल्या, बॅच नंबर काय, एक अक्षर नाही, आणि पाठीमागे डाएट चार्ट ज्यात रोज अ‍ॅव्होकाडो खा असं लिहिलेलं. मी म्हटलं, भाऊ, हा कागद ठेवून मी तुमच्या वडिलांचं काय करू? मुलाने त्यांना दोन मेल टाकले. उत्तर एकच आलं, बूस्टर डोस घ्या, जुन्या पेशंटला दहा टक्के सूट. पुढच्या वर्षी काका गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोटं हलवून दाखवली होती त्याचा व्हिडिओ क्लिनिकच्या पेजवर नंतरही होता, मुलाने मला फोनवर दाखवला, खाली चारशे लाइक.

म्हणून मुलाला एवढंच विचारायला सांगा, तुमच्याकडून परत गेलेल्या मुलांना एका वर्षाने तुम्ही तपासलंत का, आणि ज्यांना फरक पडला नाही त्यांचा आकडा कुठे आहे? व्हिडिओ नको, आकडा. जो मिळणार नाही. खर्चाचेच पैसे असतील तर स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीचे (बोलणं आणि रोजची कामं शिकवण्याचे) तास वाढवा, त्यात चमत्कार नसतो पण दर महिन्याला काय जमलं ते वहीत लिहून ठेवता येतं.

आड यायचं असेल तर याच वेळी या, बाई.

प्रश्न : नवरा ३४ वर्षांचा, बाइक अ‍ॅक्सिडेंटमध्ये मणका गेला, कमरेखाली काही नाही. मुंबईचा एजंट बँकॉकला न्यायचं म्हणतोय, राहणं-जेवण-व्हिसा सगळं पॅकेजमध्ये. पेशी स्वतःच्याच शरीरातल्या असणार, मग धोका कसला, असं तो म्हणतो. (इचलकरंजी)

ताई, हे स्वतःच्याच पेशींचं वाक्य फार चालतं, घरचं ताक म्हटल्यासारखं वाटतं ना. पण पेशी स्वतःची असली तरी तिची जागा बदलली की काय होतं ते बघा. एका अपंगत्व आलेल्या तरुण मुलीच्या नाकातलं अस्तर काढून तिच्याच मणक्यात बसवलं होतं, पोर्तुगालमध्ये. आठ वर्षांनी पाठ दुखायला लागली, ऑपरेशन करून बघितलं तर आत गाठ, आणि गाठीत शेंबडासारखा द्राव. नाकाच्या पेशी होत्या, त्यांनी नाकाचं काम केलं! ही केस २०१४ मध्ये छापून आली. चालता तर तिला आलंच नाही.

दुसरं, फ्लोरिडात तीन बायकांनी पोटाच्या चरबीतल्या स्वतःच्याच पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या, नजर कमी होत होती म्हणून, प्रत्येकी ५००० डॉलर देऊन. होती ती नजरही गेली. २०१७ मध्ये डॉक्टरांनी हे छापलं. कुठलाही शहाणा माणूस नवीन प्रयोग दोन्ही डोळ्यांवर एकाच दिवशी करत नाही, तेवढ्यावरूनच ओळखायचं.

आणि दुसऱ्याच्या पेशी असतील तर अजून वेगळं. इस्रायलच्या एका मुलाला मॉस्कोत गर्भातल्या पेशी मेंदूत आणि मणक्यात दिल्या, चारेक वर्षांनी गाठी सापडल्या, तपासलं तर त्या गाठी त्याच्या नव्हत्याच, दात्याच्या पेशींच्या होत्या. २०१६ मध्ये एका अमेरिकन माणसाचं असंच छापून आलं, तो स्ट्रोकनंतर चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिको फिरून आला होता.

एजंटला एक विचारा, सहा महिन्यांनी ह्यांची पाठ दुखली तर बँकॉकहून कोण येणार? त्याचं कमिशन तर विमान सुटायच्या आधीच झालेलं असतं. तुमच्या पत्रात आणखी एक ओळ होती, बेडसोर (पडून पडून होणारी जखम) झालाय अशी, ती तुम्ही शेवटी सहज लिहिलीत पण माझ्या दृष्टीने आज तेवढंच तातडीचं आहे. एअर मॅट्रेस, दर दोन तासांनी कूस बदलणं, आणि जवळच्या मेडिकल कॉलेजात पुनर्वसनाचा विभाग असेल तर तिथे नाव घाला. पॅकेजच्या पैशात व्हीलचेअर, घराला उतार आणि बाथरूमची दुरुस्ती होऊन वर उरतील.

प्रश्न : भाच्याचं थॅलेसेमियासाठी बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, ठणठणीत आहे. ते पण स्टेम सेलच ना? मग बाकीचं खोटं कसं? (नांदेड)

स्टेम सेलच, अगदी बरोबर. पण त्या रक्त बनवणाऱ्या पेशी, आणि त्यांना रक्तच बनवायला सांगितलं. आपल्याकडे पहिलं असं ट्रान्सप्लांट १९८३ साली मुंबईत टाटा मेमोरियलला झालं, म्हणजे चाळीस वर्षांचा हिशोब आहे, किती वाचले आणि किती गेले तो सुद्धा. न्हावी चांगला केस कापतो म्हणून त्याच्याकडून विहीर खणून घेत नाही आपण.

प्रश्न : क्लिनिकच्या वेबसाइटवर अमेरिकन सरकारच्या ट्रायल रजिस्ट्रीचा नंबर दिलाय. मी चेक केला, खरा आहे. मग सरकारमान्य झालं ना? (पुणे)

नाही. त्या रजिस्ट्रीत माहिती ज्याचा प्रयोग तोच भरतो, सरकार त्या उपचाराला पास करत नाही, यादीत नाव असणं म्हणजे फक्त यादीत नाव असणं. वर फ्लोरिडाचं लिहिलंय ना, त्यांचंही नाव तिथे होतं. तुम्ही एवढं चेक केलंत तर अजून दोन गोष्टी बघा, तुलनेला दुसरा गट आहे का, आणि पेशंटने पैसे भरायचेत का. स्वतःच्या उपचाराचे लाखो रुपये पेशंटनेच भरायचे असतील तर त्याला ट्रायल म्हणू नका, दुकान म्हणा.

प्रश्न : बाबांनी मेक्सिकोत दोन्ही गुडघ्यांत स्टेम सेल घेतल्या, बहिणीकडे टेक्सासला गेले होते तेव्हा. आता नागपूरला आलेत, दोन महिने होऊन गेले, एका गुडघ्याला सूज आणि इंजेक्शनच्या जागी गाठ आहे, दोनदा अँटिबायोटिक झालं. इथल्या ऑर्थोपेडिकला खरं सांगायला बाबांना लाज वाटते. (नागपूर)

हे पत्र मिळाल्याबरोबर मी फोन केला होता, छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. इथे बाकीच्यांसाठी लिहिते.

लाज नंतर, आधी ऑर्थोपेडिक. ताप असेल, गुडघा गरम लागत असेल तर त्याच दिवशी. आणि मेक्सिको हा शब्द स्पष्ट उच्चारायचा, कारण २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोग नियंत्रणाच्या सरकारी संस्थेने, तीन पेशंटचं कळवलं होतं, तिघांनीही मेक्सिकोतल्या क्लिनिकमध्ये स्टेम सेल घेतल्या होत्या आणि तिघांना मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस नावाच्या जंतूचा संसर्ग झाला. हा टीबीच्या जंतूचा लांबचा भाऊ, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही आणि उपचार महिनोन्महिने चालतो. डॉक्टरांना माहीतच नसेल तर ते साधं कल्चर (लॅबमध्ये जंतू उगवून बघायची तपासणी) पाठवतात, दोन-तीन दिवसांत काही उगवलं नाही की जंतू नाहीत असं लिहून येतं. लॅबला मुद्दाम सांगावं लागतं की मायकोबॅक्टेरियासाठीही लावा आणि जास्त दिवस ठेवा.

बाबांकडे क्लिनिकची काय असेल ती चिठ्ठी, पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, सगळ्याचे प्रिंट काढून सोबत न्या, स्पॅनिशमध्ये असले तरी चालतील. बाबा बोलणार नसतील तर तुम्ही बोला, आणि ते रागावले तर रागावू द्या.