डबा सीलबंद असतो तोवर

गेल्या महिन्यात बाळाच्या दुधाच्या पावडरीतल्या भेसळीबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. त्यातली सहा निवडली आहेत. मी आयुष्यभर प्रयोगशाळेत दूध तपासलं, बाळं नाही. त्यामुळे ‘कोणती पावडर द्यावी’ हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांनाच विचारा.

बाळ अडीच महिन्यांचं आहे. माझं दूध पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी पावडर सांगितली. पाणी शेतातल्या बोअरचं, पण वीस मिनिटं खळखळून उकळते. चालेल ना? (बुलढाणा जिल्हा)

उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट वाढतं. लिटरला ४० मिलिग्रॅम नायट्रेट असलेलं पाणी तुम्ही आटवून पाऊण लिटर केलंत, तर ते ५३ वर जातं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ आहे. म्हणजे चुलीवर ठेवताना पाणी पास होतं, उतरवताना नापास.

युरिया आणि शेणखताचा अंश झिरपून भूजलात उतरतो. नायट्रेट जास्त सापडलेल्या जिल्ह्यांच्या केंद्रीय भूजल मंडळाच्या यादीत तुमचा जिल्हा आहे. अमरावती, वर्धा, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगावही आहेत. लहान बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि त्यामुळे रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचं राहत नाही. ओठ-नखं निळसर पडतात, रक्त चॉकलेटी दिसतं. तसं दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. अमेरिकेतल्या आयोवामध्ये १९४५ साली एका डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं, तेव्हाही कारण शेतातल्या विहिरीचंच पाणी होतं.

तुरटी, कँडलचा फिल्टर, यूव्ही यातल्या कशाचाही इथे उपयोग नाही. चांगल्या स्थितीतला आरओ नायट्रेट बराच कमी करतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या आणि अहवाल येईपर्यंत बाळासाठी आरओचं पाणी वापरा. तेही उकळायचंच, पण एक उकळी पुरे. आणि जेवढं दूध येतंय तेवढं पाजत राहा. आईने हे पाणी प्यायलं तरी तिच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही.

२००८ मध्ये चीनमध्ये पावडरीत मेलामाइन (प्लास्टिक बनवायचं रसायन) निघालं. तपासणीच होत नव्हती का? (ठाणे)

होत होती, आणि दूध पासही होत होतं. प्रथिनं मोजण्याची जुनी पद्धत अशी: नमुना लांब मानेच्या काचेच्या चंबूत तीव्र गंधकाम्लात शिजवायचा, द्रव आधी काळाकुट्ट होतो, मग हळूहळू निवळतो. मग त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि दुधासाठी ६.३८ ने गुणायचं. आलेला आकडा म्हणजे प्रथिनं! हा नायट्रोजन कुठून आला, हे चंबू विचारत नाही. मेलामाइनमध्ये वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो, म्हणजे एक ग्रॅम मेलामाइन कागदावर सव्वाचार ग्रॅम प्रथिनं म्हणून उतरतं. दुधात पाणी घालायचं आणि पडलेला आकडा या पांढऱ्या भुकटीने उचलायचा, असा तो धंदा होता. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, सरकारी आकड्यानुसार सहा दगावली. कित्येकांच्या मूत्रपिंडात खडे झाले. आपण त्याच वर्षी चिनी दूध आणि दुधाच्या पदार्थांची आयात बंद केली. २०१० मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने पावडरीसाठी किलोला १ मिलिग्रॅम मेलामाइनची मर्यादा घातली. पुढचा भेसळ करणारा मेलामाइन वापरणार नाही, हे वेगळं सांगायला नको. यंत्रं आता फार सूक्ष्म झाली आहेत, पण जे शोधायला बसाल तेच त्यांच्यात सापडतं.

शिसं ‘मर्यादेत’ आहे म्हणजे काय? शून्य का नाही? (पुणे)

कारण ते मातीत आहे, म्हणून चाऱ्यात, सोयाबीनमध्ये आणि पावडरीत घालायच्या खनिज क्षारांतही आहे. कोडेक्सने २०१४ मध्ये पावडरीत पाणी घालून तयार केलेल्या दुधासाठीची मर्यादा किलोला ०.०२ वरून ०.०१ मिलिग्रॅम केली. आता हिशेब करू. बाळ दिवसाला वजनाच्या किलोमागे सुमारे १५० मिलिलिटर दूध पितं. साठ किलोच्या माणसाने याच मापाने प्यायचं तर रोज नऊ लिटर! तेही महिनोन्‌महिने, त्याच डब्यातलं. पाच किलोच्या बाळाच्या पोटात अगदी मर्यादेवरचं दूध गेलं, तर रोज साडेसात मायक्रोग्रॅम शिसं जाईल. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) मुलांसाठी धरलेला संदर्भ-आकडा आहे दिवसाला २.२.

म्हणून ‘मर्यादेत’ याचा अर्थ ‘निर्धोक’ असा लावू नका. शिशाची निर्धोक पातळी कुणालाच सापडलेली नाही, आणि कारखान्यांना जेवढं जमेल तेवढं खाली आणायचं, एवढाच या आकड्याचा अर्थ. माझ्या मते तो आणखी खाली यायला हवा आणि कंपन्यांनी प्रत्येक बॅचचा अहवाल जाहीर करायला हवा. एक सांगू? पावडरीतल्या शिशावर पानभर लिहिणाऱ्या आजी बाळाच्या डोळ्यांत बाजारचा सुरमा घालतात. त्यात कधीकधी शिशाचं खनिजच असतं. तो आधी बंद करा.

दीर अमेरिकेतून डबे आणतात. तिकडचं चोखच असणार ना? (नाशिक)

२०२२ मध्ये मिशिगनमधल्या स्टर्जिसच्या कारखान्यात क्रोनोबॅक्टर हा जीवाणू सापडला. तो चालवणाऱ्या ॲबट कंपनीने पावडर परत मागवली, कारखाना काही महिने बंद राहिला आणि अमेरिकेतल्या आया रिकाम्या फळ्यांपुढे उभ्या राहिल्या. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये बायहार्ट कंपनीने बाळांना बॉट्युलिझम (जंतूच्या विषाने स्नायू लुळे पाडणारा आजार) झाल्यावर सगळाच माल परत बोलावला. (आपल्याकडे मध चाटवतात त्यातूनही हाच आजार होऊ शकतो. वर्षाच्या आत मध नको.) तिथला माल तिथे परत मागवला जातो, पण तुमच्या फडताळातल्या डब्याची खबर कोण देणार? इथला, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असलेला डबा घ्या आणि बॅच क्रमांकाचा फोटो काढून ठेवा.

मेडिकलवाल्याने ‘नमुना’ म्हणून छोटा डबा फुकट दिला. (सोलापूर)

कंपनीचा नमुना असेल तर ते बेकायदा आहे. बाळाच्या दुधाच्या पर्यायांवरचा १९९२ चा कायदा २००३ मध्ये आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा आहाराची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने देता येत नाहीत आणि डब्यावर बाळाचं चित्रही चालत नाही. डबा परत करा.

डब्यावर कोमट पाणी लिहिलंय, डॉक्टर गरम म्हणतात. (कोल्हापूर)

डॉक्टरांचं ऐका. पावडर निर्जंतुक नसते, सीलबंद असली तरी. जागतिक आरोग्य संघटना ७० अंशांखालचं पाणी नको म्हणते: उकळायचं, अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, दूध झालं की बाटली नळाखाली धरून निववायची. दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्या. मापाचा चमचा मात्र वाफेवर धरू नका. दमट चमचा डब्यात गेला की भुकटीच्या गाठी होतात आणि कोरड्या पावडरीत गप्प बसलेले जंतू कामाला लागतात. चमचा धुतलात तर पुरता वाळवूनच आत ठेवा.