ओपनप्रोजेक्ट (टीमची कामं सांभाळायचं सॉफ्टवेअर) स्वतःच्या सर्व्हरवर पहिल्यांदाच टाकतोयस? मग आधी हे वाच

अरे टेन्शन घेऊ नकोस, वाटतं तेवढं अवघड नाहीये. फक्त एक जीबी रॅमचा स्वस्तातला सर्व्हर घेऊन बसू नकोस, ओपनप्रोजेक्टला कमीत कमी ४ जीबी लागते, नाहीतर चर्चगेटला संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये चढल्यासारखं होईल, सगळं आत पण हलायला जागा नाही. सर्व्हर कोरा घे, ज्यावर आधीच वर्डप्रेस चालतंय त्यावर नको.

डॉकरनेच टाक, त्यात लागणारं सगळं सामान एका तयार डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये येतं. हाताने रुबी (प्रोग्रामिंग भाषा), पोस्टग्रेस (डेटाबेस) वगैरे जुळवत बसलास तर अख्खा रविवार जाईल, माझे दोन गेले.

आता खरी गोम. डेटाचं व्हॉल्यूम (डेटा साठवायची जागा) कंटेनरच्या बाहेर ठेवलंयस ना, ते नीट बघ, नाहीतर कंटेनरसोबत डेटाही जातो. मी दादरच्या ऑफिसात अपडेट करायला म्हणून जुना कंटेनर उडवला, नवा चालू केला, आणि समोर कोरं करकरीत लॉगिन पेज! तीन आठवड्यांची टास्क गायब, साहेब मागे चहा घेऊन उभे.

सुरुवातीला एवढंच कर:
- पहिलं लॉगिन अ‍ॅडमिन आणि पासवर्डही अ‍ॅडमिनच असतो, तो लगेच बदल
- डोमेन जोडून एचटीटीपीएस (सुरक्षित कनेक्शन) चालू कर, मगच टीमला लिंक दे
- रोज डेटाबेसचा बॅकअप, अटॅचमेंटच्या फोल्डरसकट, आणि तो दुसऱ्या मशीनवर. एकदा रिस्टोअर करूनही बघ, हे कोणीच करत नाही

एलडॅप (ऑफिसच्या खात्यांनीच लॉगिन), प्लगइन, थीम सध्या राहू दे. अडलास तर लॉगच्या (सॉफ्टवेअर स्वतः लिहितं त्या नोंदींच्या) शेवटच्या वीस ओळी इथे टाक, नुसतं 'चालत नाहीये' लिहू नकोस बाबा.