वाचकांचे प्रश्न : गिगाहर्ट्झ कमी, तरी सर्व्हर वेगवान कसा?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सांगली परिसरात नऊ शाखा असून मुख्य कार्यालयातील सर्व्हर बदलायचा आहे. विक्रेत्याने दोन नूतनीकृत सर्व्हरची कोटेशन्स दिली आहेत. पहिल्यात इंटेलचा झिऑन सिल्व्हर ४२१० प्रोसेसर (१० कोअर, २.२ गिगाहर्ट्झ) आणि १६ जीबीच्या ६ स्टिक मिळून ९६ जीबी रॅम आहे. दुसऱ्यात सिल्व्हर ४३१० (१२ कोअर, २.१ गिगाहर्ट्झ) आणि ३२ जीबीच्या २ स्टिक मिळून ६४ जीबी रॅम आहे. दुसरा महाग आहे, पण नवी पिढी ४६ टक्के वेगवान असल्याचे विक्रेता सांगतो. गिगाहर्ट्झ कमी असताना वेग जास्त कसा, असे संचालक विचारतात. आमची खरी अडचण ३१ मार्चची आहे. ठेवींची व्याज आकारणी रात्री नऊला सुरू केली की पहाटे तीनपर्यंत चालते आणि तेव्हा आमच्या ४ कोअरच्या प्रोसेसरचा वापर १३ टक्क्यांच्या वर जात नाही. कोणता सर्व्हर घ्यावा?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या पत्रातील १३ टक्क्यांचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. आपल्या प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरवर (म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या स्वतंत्र भागावर) दोन थ्रेड (कामाचे प्रवाह) चालत असणार, त्यामुळे विंडोजमध्ये वापराचे आलेख दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरला ८ लॉजिकल प्रोसेसर दिसतात. त्यांपैकी एकच पूर्ण क्षमतेने राबत असेल आणि सात बसून असतील, तर एकूण वापर साडेबारा टक्के भरतो. याचा अर्थ, व्याज आकारणीचा प्रोग्राम एकामागून एक खाते घेत एका वेळी एकाच कोअरवर चालतो आहे. (विंडोज ते काम मधूनमधून एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवते, त्यामुळे आलेख विखुरलेले दिसतील, पण बेरीज तेवढीच राहील.) त्या वेळी डिस्कचा आलेखही पाहा. तो सतत १०० टक्क्यांवर नसेल, तर वरचे निदान पक्के समजा आणि या कामापुरता १० कोअर की १२ हा विचार बाजूला ठेवा.

आता संचालकांचा प्रश्न. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात तो आकडा. एका ठोक्यात किती काम उरकते, ते त्यात येत नाही. ४२१० हा २०१९ मधील दुसऱ्या पिढीचा आणि ४३१० हा २०२१ मधील तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आहे. या मालिकेत क्रमांकातील दुसरा अंक पिढी सांगतो. तिसऱ्या पिढीत कोअरची रचनाच बदलली. प्रत्येक कोअरजवळची पहिल्या पातळीची डेटा कॅश (माहिती हाताशी ठेवणारी छोटी, वेगवान मेमरी) ३२ केबीवरून ४८ केबी झाली, तर दुसऱ्या पातळीची १ एमबीवरून सव्वा एमबी झाली, आणि ठोके सारखे ठेवले तरी सुमारे २० टक्के अधिक काम होते, असे इंटेलचे म्हणणे आहे. शिवाय २.२ आणि २.१ हे मूळ वेग आहेत. एकच कोअर राबत असतो, तेव्हा ४२१० हा ३.२ पर्यंत आणि ४३१० हा ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. या दोन्ही गोष्टी धरल्या, तर एकेका कोअरच्या वेगात २४ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, म्हणजे जे काम पहिल्या सर्व्हरवर चार तास घेईल, ते दुसऱ्यावर सव्वातीन तासांत व्हावे.

विक्रेत्याचे ४६ टक्के खोटे नाहीत, परंतु ते आपले नव्हेत. ती संपूर्ण पिढीची सरासरी आहे आणि त्या पिढीत सर्वांत वरच्या मॉडेलचे कोअर २८ वरून ४० झाले होते. आपल्या मॉडेलमध्ये ते १० वरून १२ झाले आहेत. सगळे कोअर एकाच वेळी जुंपले, तरी मूळ वेगाने हिशेब ३७ टक्क्यांच्या आसपास येतो.

दुसऱ्या कोटेशनमधील रॅमची मांडणी मात्र मला मुळीच पसंत नाही. गेल्या वर्षी साताऱ्यातील एका संस्थेत नवा सर्व्हर उघडून पाहिला, तेव्हा मेमरीच्या सोळा स्लॉटपैकी दोनच भरलेले होते आणि बाकीच्या चौदांमध्ये प्लास्टिकच्या कोऱ्या पट्ट्या बसवलेल्या होत्या. ‘नवा घेतला तरी अहवाल रेंगाळतात’ या तक्रारीचे मूळ तेथेच होते. ४२१० ला मेमरीचे ६ चॅनेल (प्रोसेसर आणि रॅम यांमधील स्वतंत्र मार्ग) आहेत आणि ४३१० ला ८. एक स्टिक एकच चॅनेल चालवते. पहिल्या सर्व्हरचे सहाही चॅनेल भरलेले असल्याने मेमरीतून सेकंदाला जास्तीत जास्त ११५ जीबी माहिती येऊ शकते. ४३१० चे आठही चॅनेल भरले, तर ही मर्यादा १७० जीबीपर्यंत जाते, पण दोनच स्टिक लावल्यास ती ४३ जीबीच्याही खाली राहते. अधिक पैसे मोजून घेतलेला नवा सर्व्हर या एका बाबतीत जुन्या पिढीच्या निम्म्यावरही पोहोचणार नाही. रात्रीच्या व्याज आकारणीत, एकट्या कोअरला एवढा रुंद रस्ता लागत नसल्याने, हे जाणवणार नाही. दुपारी नऊ शाखा एकदम अहवाल काढू लागल्या की जाणवेल. त्यावर उपाय सोपा आहे. तीच ६४ जीबी रॅम ८ जीबीच्या ८ स्टिकमध्ये मागा आणि कोटेशनमध्ये स्टिकची संख्या लिहून घ्या.

एवढी दुरुस्ती होणार असेल तर माझे मत ४३१० च्या बाजूने आहे; नसेल तर ४२१० घ्यावा. ४२१० चा बोर्ड घेऊन पुढे त्यातच नवा प्रोसेसर बसवू, असा विचार असल्यास तो सोडून द्या, कारण दोघांचे सॉकेट (बोर्डवरील प्रोसेसर बसवण्याची जागा) वेगळे आहेत. ४३१० ची औष्णिक मर्यादा (भरपूर काम असताना साधारण किती उष्णता बाहेर पडते तो आकडा) १२० वॅट असून ४२१० ची ८५ वॅट आहे. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत अनेकांनी सर्व्हर वरच्या मजल्यावर हलवले. आपलाही तेथे असेल, तर उन्हाळ्यातील उष्णता आणि यूपीएसची क्षमता पाहून घ्या.

सर्वांत मोठा फायदा मात्र यंत्राबाहेर आहे. सॉफ्टवेअर पुरवठादाराला व्याज आकारणी शाखानिहाय एकाच वेळी चालवण्याची सोय करून देण्यास सांगा. नऊ शाखा नऊ कोअरवर चालल्या, तर सर्वांत मोठ्या शाखेला लागेल साधारण तेवढ्याच वेळात सगळे काम उरकेल आणि मगच १० किंवा १२ कोअरच्या पैशाचे चीज होईल.

पैसे देण्यापूर्वी मागील ३१ मार्चचा बॅकअप दोन्ही सर्व्हरवर, विक्रेत्याच्या जागेत पण आपल्या माणसासमोर, चढवून व्याज आकारणी चालवून पाहा. ती प्रत्येकावर दोनदा चालवा, कारण पहिल्या खेपेस माहिती डिस्कवरून येते आणि दुसऱ्या खेपेस बरीचशी रॅममध्येच असते. दुसऱ्या खेपेपूर्वी तोच बॅकअप पुन्हा चढवावा लागेल, पण सर्व्हर बंद करू नका. चारही वेळा मिनिटांत लिहून कोटेशनसोबत संचालक मंडळापुढे ठेवा.