आधी केमिस्ट्री

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा आरतीनंतर कुणीतरी विचारलं, "मग, कुठे घेतलीस अ‍ॅडमिशन?" तू 'डी अँझा' हे आपल्या कम्युनिटी कॉलेजचं नाव इतकं पुटपुटत घेतलंस की मला राहवेना. घरी आल्यापासून हे पत्र मनात घोळतंय.

आपल्याकडे मुलं दहावीनंतर डिप्लोमा करतात आणि इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात. त्यांच्या पदवीवर वेगळा शिक्का बसत नाही. इथेही तसंच आहे: पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात, पुढची दोन यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला तुझ्या कॉलेजात एका क्वार्टर युनिटला, म्हणजे तिमाही सत्रातल्या एका श्रेयांकाला, ३१ डॉलर पडतात. यूसीत तिसऱ्या वर्षाला जायला ९० क्वार्टर युनिट्स लागतात, म्हणजे २,७९० डॉलर. पुस्तकं आणि किरकोळ फी वेगळी. एवढ्या पैशांत यूसीचं एक सत्रही होत नाही. आईबाबांचे पैसे वाचवतेस, यात मान खाली घालण्यासारखं काय आहे?

एक गोष्ट मात्र आत्ताच बघून ठेव. तू एच-४वर, म्हणजे बाबांच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, आहेस आणि २१ पूर्ण झाल्यावर ते सुटतं. त्यानंतर एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा व्हिसा, घ्यावा लागला, तर फीचं गणित बदलू शकतं. बाबांना म्हणावं, इमिग्रेशनच्या वकिलाशी याच वर्षी बोला.

आता मुख्य मुद्दा. सगळे 'दोन वर्षांचं कॉलेज' म्हणतात, त्यामुळे तुला वाटतंय की हातात दोन वर्षं आहेत. मोजून बघ. या सप्टेंबरअखेर तू सुरुवात करणार. यूसीचा अर्ज पुढच्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाणार. म्हणजे अर्ज वाचणाऱ्यांना तुझ्या तीन क्वार्टर्सचे आणि एखाद्या उन्हाळ्याचे गुण दिसणार, बस्स. हमीचा प्रवेश, ज्याला सगळे 'टॅग' म्हणतात, त्याचा अर्ज तर त्याच्याही आधी, सप्टेंबरमध्येच भरायचा. टॅग सहा ठिकाणी मिळतो: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. भरता येतो एकाच ठिकाणी. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो तो देत नाहीत. तुझ्यासाठी मला डेव्हिस किंवा सँटा बार्बरा आवडेल. सँटा बार्बराच्या किनाऱ्यावर १९६९मध्ये मोठी तेलगळती झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिथे पर्यावरणाचा अभ्यासक्रम सुरू झाला. पण निवड तुझी.

या वर्षभरात काय घ्यायचं? तू दाखवलेल्या यादीत पर्यावरणाचे तीन छान विषय होते आणि केमिस्ट्री पुढच्या वर्षावर ढकललेली होती. ती यादी आजच बदल. जनरल केमिस्ट्री तीन क्वार्टर्सची साखळी आहे. पहिली कडी झाल्याशिवाय दुसरी घेता येत नाही आणि दुसरीशिवाय तिसरी. पुढचं ऑरगॅनिक आणि बरीचशी बायॉलॉजी याच खुंटीला टांगलेली असते. मी माझ्या वेळी नेमकं उलटं केलं. आवडीचे विषय आधी घेतले, केमिस्ट्रीची भीती वाटली म्हणून ती मागे ठेवली आणि ट्रान्स्फरला एक अख्खं वर्ष उशीर झाला. ते वर्ष मला अजून सलतं. वर्ग भरला असेल तर वेटलिस्टवर नाव घाल आणि पहिल्या दिवशी तासाला जाऊन बस. पहिल्या दिवशी न येणाऱ्यांच्या जागा सुटतात. सोबत कॅल्क्युलस घे आणि पर्यावरणाचा एकच विषय ठेव. क्वार्टर जेमतेम बारा आठवड्यांचा असतो. चौथ्या आठवड्यात पहिली मोठी परीक्षा येऊन ठेपते, त्यामुळे 'नंतर भरून काढू' हे इथे चालत नाही.

कोणता विषय कुठे चालतो, हे मैत्रिणीला विचारू नकोस, मलाही नको. 'असिस्ट' या वेबसाइटवर कॉलेज आणि विद्यापीठ निवडलंस की विषयागणिक तक्ता समोर येतो. तो दर क्वार्टरला पुन्हा उघड. तिथेच कळेल की 'एन्व्हायर्न्मेंटल स्टडीज' आणि 'एन्व्हायर्न्मेंटल सायन्स' या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिलीत कायदा, धोरण आणि समाज जास्त. दुसरीला रसायन, गणित, जीवशास्त्र लागतं. सामान्य विषयांची कॅल-जेटेकची यादी पूर्ण करायच्या नादात मुलं मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाला लागणारे, विषय मागे टाकतात. सायन्सला जायचं असेल तर मेजर आधी.

केमिस्ट्रीचा एवढा आग्रह का, ते तुझ्याच गावावरून सांगते. सॅन होजेच्या दक्षिणेला न्यू अल्माडेन नावाची पाऱ्याची जुनी खाण आहे. डोंगरातला हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं लाल खनिज, खणून भट्टीत तापवायचे आणि पारा काढायचे. गोल्ड रशच्या काळात सोनं वेगळं करायला तो सिएरा नेवाडा डोंगरातल्या खाणींत जाई. खाण कधीच बंद झाली, पण तिथला पारा ग्वादलूप नदीबरोबर खाडीकाठच्या अल्विसोपर्यंत येऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या गाळात बसला. नुसता गाळात पडलेला पारा ही एक गोष्ट. पण ऑक्सिजन नसलेल्या चिखलातले जिवाणू त्याचं मिथाइलमर्क्युरी करतात. ते लहान माशातून मोठ्या माशात वाढत जातं आणि शेवटी मासे धरून खाणाऱ्या कुटुंबाच्या ताटात येतं. खाडीकाठची १५,१०० एकर मिठागरं २००३मध्ये ताब्यात घेऊन त्यांची पुन्हा पाणथळ करायचं काम चालू आहे. बांध फोडून भरतीचं पाणी आत घ्यायचं, तर गाळातल्या पाऱ्याचं काय होईल, हे आधी कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगायला ऑक्सिडेशन-रिडक्शन यावं लागतं, आणि ते तू ज्या वर्गाला घाबरतेस त्याच वर्गात शिकवतात.

आपण ज्या जमिनीवर राहतो तिच्याखालीही हेच. चिपच्या कारखान्यांत सुटे भाग धुवायला वापरलेलं टीसीई नावाचं विषारी द्रावक जमिनीखालच्या टाक्यांतून झिरपलं. ते पाण्याहून जड, म्हणून खाली खाली जात राहतं. सँटा क्लारा या आपल्या काउंटीत २३ सुपरफंड जागा, म्हणजे साफसफाईसाठी केंद्र सरकारच्या यादीत घातलेल्या प्रदूषित जागा, जाहीर झाल्या. देशात कुठल्याही काउंटीत एवढ्या नाहीत. माझी निम्मी नोकरी अशा जागांवरच्या निरीक्षण-विहिरींतून पाण्याचे नमुने काढण्यात गेली, आणि त्या कामात मला कधी कंटाळा आला नाही.

तुझ्या कॉलेजात पर्यावरणाच्या अभ्यासाचं कर्श सेंटर आहे. २००५मध्ये उघडलेली, 'लीड प्लॅटिनम' या पर्यावरणस्नेही इमारतींच्या मानांकनाची ती इमारत नुसती बाहेरून बघू नकोस. तिथल्या प्राध्यापकांना त्यांच्या भेटीच्या वेळेत जाऊन भेट, एकदा नाही, दर पंधरा दिवसांनी. वर्ग लहान असतात, नाव लक्षात राहतं. पुढे शिफारसपत्र मागायची वेळ येते तेव्हा हे कामी येतं. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलीला ही जवळीक सहजासहजी मिळत नाही.

पहिल्या क्वार्टरची परीक्षा संपली की एका शनिवारी ओहोटीची वेळ बघून अल्विसोला जाऊ. भूजलाच्या उपशामुळे ही सगळी जमीन खचली. सॅन होजेत सुमारे १३ फूट, आणि अल्विसो तर आज समुद्रसपाटीच्या खाली आहे. बंधाऱ्यावर उभं राहिलं की एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला त्याहून खाली असलेली घरं दिसतात. जुने बूट घाल, गाळात पाय रुततो. डबा मी आणेन.

तुझी,
मावशी